मिशनची यादी आणि पाठीवरची बॅग

‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर’ खेळणाऱ्या मुलाला घरची मोठी माणसं दोनच प्रश्न विचारतात: किती वेळ झाला, आणि अभ्यासाचं काय? तो या खेळात नेमकं काय करतो, काय उचलतो, काय टाकून देतो, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. बातम्यांमध्येही हा खेळ येतो तो बंदी, व्यसन किंवा पोलीस तक्रार या तीन निमित्तांनी. त्यामुळे एक साधी गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही आणि आत रमलेल्यांना दिसेनाशी होते. या खेळांच्या पोटात दोन वेगळे व्यवहार चालतात. पहिला सामन्याच्या आत. तिथे सगळं फुकट आहे, बॅगेतली जागा मोजकी आहे आणि योग्य वेळी योग्य वस्तू वापरणारा टिकतो. दुसरा सामन्याच्या बाहेर, लॉबीत. तिथे मिशनची यादी आहे, पास आहे, क्रेट आहेत, आणि साठवणाऱ्याचं, घाई करणाऱ्याचं कौतुक आहे. वस्तू कशा वापराव्यात आणि मिशन कशी पुरी करावीत याचे सल्ले मुलं एकमेकांना रोज देत असतात. माझं म्हणणं असं की पहिली गोष्ट नीट शिकायची तर दुसरी बऱ्याच अंशी धाब्यावर बसवावी लागते. आणि सरकार, न्यायालय, पालक या सगळ्यांनी गेल्या काही वर्षांत या खेळातल्या ज्या ज्या गोष्टींवर बोट ठेवलं, त्यांत ही यादी जवळजवळ कधीच नव्हती.

हा खेळ मुंबईतल्या वाकोल्यासारख्या भागात का रुजला ते आधी पाहू. एका अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि त्यावरचा पूल, मधून वाहणारा नाला, दत्तमंदिर रोडच्या आजूबाजूला दाटीने उभ्या चाळी, इमारती आणि झोपडपट्टी पुनर्वसनाचे टॉवर. कालिन्याचं विद्यापीठाचं मोठं आवार हाकेच्या अंतरावर असलं तरी गल्लीतल्या पोरांचं मैदान ते नव्हे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाइल’ आला; ‘बीजीएमआय’ ही त्याचीच पुढची भारतीय आवृत्ती. बॅट नको, ग्लोव्ह्ज नकोत, कोचिंगची फी नको. फोन असला की झालं. फोन साधा असेल तर ‘फ्री फायर’ होताच: पन्नास खेळाडू, दहाएक मिनिटांचा डाव, कमी ताकदीच्या हँडसेटवरही चालणारा. पण स्वस्ताई हे अर्धंच कारण झालं. दुसरं कारण खेळाच्या रचनेत आहे. कौशुन ताकामी यांची १९९९ची जपानी कादंबरी आणि तिच्यावरचा किंजी फुकासाकू यांचा २०००चा चित्रपट यांतून शेवटी एकच उरेपर्यंत लढण्याची ही कल्पना आयरिश खेळरचनाकार ब्रेंडन ग्रीन यांनी उचलली. चित्रपटात बेटावर सोडलेल्या मुलांच्या हाती चिठ्ठी काढल्यासारखं शस्त्र पडतं, कुणाला बंदूक तर कुणाला पातेल्याचं झाकण. ग्रीन यांनी ती विषमता काढून टाकली. शंभर जण विमानातून उतरतात ते सगळे रिकाम्या हाताने. महागडा फोन आणि चांगलं नेट यांचा फायदा उरतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण जमिनीवर पाय टेकतो त्या क्षणी कुणाच्या खिशात काही नसतं. ज्या वस्तीत बाकी कुठल्याच स्पर्धेची सुरुवात अशी होत नाही, तिथे याचं मोल कळायला वेळ लागत नाही.

आता बॅगेकडे वळू. नवा खेळाडू पहिल्या घरात शिरतो आणि दिसेल ते उचलतो. एम४१६ हातात असताना एकेएमच्या ७.६२च्या गोळ्या भरतो, नंतर कामाला येतील म्हणून दोन-तीन स्कोप ठेवतो, बँडेजचा ढीग करतो. मग तिसऱ्या लेव्हलचं हेल्मेट असलेला कोणीतरी समोर येतो आणि याच्याकडे धूर करायला एक स्मोक ग्रेनेड नसतो. बॅगेची क्षमता ठरलेली आहे आणि प्रत्येक वस्तू त्यातली जागा खाते. म्हणून या खेळातलं कौशल्य उचलण्यापेक्षा सोडण्यात जास्त आहे. उपचारांच्या वस्तूंची रचना तर मुद्दाम विचार करायला लावणारी आहे. बँडेज आणि फर्स्ट एड किट तब्येत पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच आणतात. मेडकिट पूर्ण भरून काढतं, पण वेळ जास्त घेतं. एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलर लगेच काही देत नाहीत. ते हळूहळू तब्येत वर नेतात आणि पुरेसे घेतले तर पळण्याचा वेगही वाढवतात. म्हणजे फर्स्ट एड मारून उरलेले पंचवीस टक्के ड्रिंकवर सोडणारा मेडकिट वाचवतो. शेवटच्या वर्तुळात घुसण्याआधीच जो दोन ड्रिंक घेतो तो चकमक सुरू झाल्यावर बाटली शोधणाऱ्याच्या पुढे असतो. झोनचं, म्हणजे आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाचंही तसंच. सुरुवातीच्या निळ्या पट्ट्याचा मार सौम्य असतो, थोडा वेळ बाहेर राहून लूट पुरी करता येते. पुढच्या वर्तुळांत तोच मार इतका वाढतो की उपचार करत करत पळणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं.

स्मोकबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण चांगला खेळाडू इथे ओळखू येतो. स्मोकने कुणी मरत नाही, त्यामुळे नवशिक्याला तो बिनकामाचा वाटतो आणि त्याची जागा आणखी साठ गोळ्या घेतात. पण साथीदार नॉक झाला, म्हणजे मार खाऊन कोसळला, की त्याला उठवायला काही सेकंद एका जागी बसावं लागतं आणि उघड्या मैदानात तेवढे सेकंद फार असतात. तिथे दोन स्मोक म्हणजे एक माणूस परत मिळणं. ‘फ्री फायर’मध्ये हीच जागा ग्लू वॉलची आहे: क्षणात उभी राहणारी भिंत, जी कुणाला इजा करत नाही पण डाव फिरवते. दोन्ही वस्तूंचा स्वभाव सारखाच. त्या राखून ठेवल्या तर कवडीमोल, वेळ साधून वापरल्या तर सगळ्यात मौल्यवान. मरताना बॅगेत चार मेडकिट आणि तीन स्मोक शिल्लक असणं ही या खेळातली सगळ्यात सामान्य चूक आहे. तुम्हाला बाद करणारा तुमची पेटी उघडून ते सगळं घेऊन जातो, आणि तेही बहुधा हसत.

सामन्याच्या आतली ही शिकवण लॉबीत आल्यावर उलटी होते. तिथे मिशन असतात. अमुक प्रकारच्या बंदुकीने इतके जण बाद करा, तमुक ठिकाणी उतरून लूट करा, गाडीने इतकं अंतर कापा, इतक्या वेळा उपचाराची वस्तू वापरा, मित्राबरोबर इतके सामने खेळा. एकेकटं पाहिलं तर निरुपद्रवी. पण सामन्यात ते काय करतात ते पाहा. यादीत शॉटगन आहे म्हणून मुलगा उघड्या शेतात शॉटगन घेऊन फिरतो. यादीत पोचिंकी हे नकाशावरचं गाव आहे म्हणून झोन उलट्या टोकाला असताना तिथे उडी मारतो आणि तीन साथीदारांनाही ओढतो. वापरायचा आकडा भरायचा म्हणून गरज नसताना फर्स्ट एड संपवतो आणि गरज पडते तेव्हा हात रिकामे. चौघांच्या स्क्वॉडमध्ये एकाचं मिशन हे बाकीच्या तिघांचं नुकसान असतं, आणि भांडणं तिथेच सुरू होतात. सामना विचारतो की आत्ता काय योग्य आहे. यादी विचारते की आज काय राहिलं आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं कधीमधी जुळतात, पण तो योगायोग असतो.

पुरावा हवा असेल तर स्पर्धांकडे बघावं. मार्च २०१९ मध्ये हैदराबादला ‘पब्जी मोबाइल इंडिया सिरीज’ची अंतिम फेरी झाली, ती ‘सोल’ या संघाने जिंकली. त्या संघाचा म्होरक्या ‘मॉर्टल’ म्हणजे नमन माथूर हा मुंबईचाच. तेव्हापासून या खेळाच्या स्पर्धांचं गणित अनेकदा बदललं. ‘बीजीएमआय’च्या मोठ्या स्पर्धांत अलीकडे रुळलेली पद्धत अशी की पहिल्या क्रमांकाला दहा गुण, मग सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, एक असं आठव्या क्रमांकापर्यंत, आणि प्रत्येक बाद केलेल्या खेळाडूमागे एक. टिकून राहणं आणि चकमक जिंकणं एवढ्याच दोन गोष्टींना किंमत. मिशन नावाची चीजच त्या हिशेबात नाही, कारण खेळ कोण चांगला खेळतो हे ठरवताना आयोजकांना तिचा उपयोग नाही. हा खेळ ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्या मोजमापात जी गोष्ट शून्य आहे, ती वाकोल्यातल्या नववीतल्या मुलाच्या संध्याकाळचं वेळापत्रक ठरवते.

मग मिशन करूच नयेत का? तसं म्हणण्याची गरज नाही. सामना सुरू होण्याआधी यादीवर नजर टाकावी, सहज होण्यासारखी दोन डोक्यात ठेवावी आणि बाकी विसरावं. पळणं, गाडी चालवणं, टिकून राहणं या प्रकारची मिशन चांगलं खेळताना आपोआप होतात. शस्त्राची मिशन, जिथे चालत असेल तिथे, रँक नसलेल्या किंवा छोट्या डावात उरकावी. तिथे हरल्याने कुणाचं काही जात नाही. स्क्वॉडला आधी सांगावं. सगळ्यात महत्त्वाचं, पासमधली साप्ताहिक मिशन बहुधा हंगाम संपेपर्यंत खुली राहतात, सोमवारी झाली नाहीत तर रविवारी होतील. रोजची मात्र त्या दिवशीच संपतात, आणि ती सोडून देण्यात काहीच बिघडत नाही. रोज संपणं हाच त्यांचा उद्देश आहे. कंपनीला तुम्ही उद्या पुन्हा यायला हवे आहात, आणि रोजची मिशन हा त्यासाठी ठेवलेला हजेरीपट आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मिशन नवख्याला शिकवतात. एरवी ज्याने एकाच बंदुकीला घट्ट धरलं असतं तो त्यांच्यामुळे दुसरी हाताळतो, नकाशाचा अनोळखी कोपरा बघतो. हे खरं आहे. पहिल्या काही आठवड्यांत यादी चांगल्या शिक्षकाचं काम करते. पण शिकवणाऱ्या यादीला शेवट हवा. एकदा शॉटगन चालवायला आली की तीच मागणी पुढच्या हंगामात पुन्हा करण्यात शिकवणं कुठे आहे? शिकवून झाल्यावरही यादी थांबत नाही, कारण तिचं खरं काम वेगळं आहे. पासचा व्यवहार पाहा. आधी खरे पैसे मोजून युसी, म्हणजे खेळातलं चलन, विकत घ्यायचं आणि त्यातून पास घ्यायचा. मग त्यातले कपडे, बंदुकांची रंगरंगोटी, नाचाच्या अदा मिळवण्यासाठी मिशन करत पातळी वाढवायची. हंगाम संपायच्या आत नाही जमलं तर भरलेले पैसे वाया. आधी पैसे भरून मग मजुरी करायची असा धंदा बाजारात दुसरीकडे सहज सापडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. खेळ फुकट आहे. सर्व्हर, माणसं, नवे नकाशे यांना पैसा लागतो. थोडे लोक हौसेने खर्च करतात म्हणून बाकी सगळे फुकट खेळतात. यात गैर काय? काहीच नाही, जोवर किंमत उघड आहे आणि घेणाऱ्याला काय मिळणार ते माहीत आहे. पाचशे रुपयांना एक कोट विकायचा असेल तर विकावा. माझी हरकत दोन गोष्टींना आहे: मुदतीचं घड्याळ आणि सोडतीची पेटी. क्रेट उघडताना आत काय निघेल ते आधी कळत नाही. शक्यतेचे आकडे कुठेतरी दिलेले असतात, अॅपल तर २०१७ पासून ते द्यायला लावतं, पण ते वाचून कुणी पेटी उघडत नाही. आणि इथे आणखी एक फरक करायला हवा. ‘बीजीएमआय’मध्ये या वस्तू मुख्यतः दिखाव्याच्या आहेत. ‘फ्री फायर’मध्ये बंदुकीच्या अनेक स्किन तिचा मारा किंवा वेग प्रत्यक्षात बदलतात. म्हणजे सगळे रिकाम्या हाताने उतरतात, ही खेळाची मूळ अट तिथे लॉबीतच मोडते.

आता आपल्या व्यवस्थेने काय पाहिलं ते बघू. २०१९च्या सुरुवातीला मुंबईतल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुद्दे हिंसा आणि आक्रमकपणाचे होते, आणि न्यायालयाने केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला खेळ तपासायला सांगितलं. त्याच वर्षी राजकोटमध्ये पोलिसांनी बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पब्जी मोबाइल’वर बंदी आली ती देशाच्या सुरक्षेच्या कारणाने. जुलै २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आला, जुलै २०२२ मध्ये अॅप स्टोअरमधून काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली आणि ‘फ्री फायर मॅक्स’ तसाच राहिला. प्रत्येक वेळी मुलं एका खेळातून दुसऱ्यात गेली, खेळणं सोडून नाही. भारतीय आवृत्तीत बदल काय झाले तेही बोलकं आहे. रक्त हिरवं झालं. ‘किल’ला ‘फिनिश’ म्हणायला लागले. अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. रक्ताचा रंग बदलला. पेटीचं कुलूप होतं तसंच राहिलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून या खेळापायी सुमारे दहा लाख रुपये खर्च केले. घरी बोलणी बसल्यावर तो निघून गेला आणि पोलिसांना अंधेरीत महाकाली लेण्यांच्या परिसरात सुखरूप सापडला. ही बातमी तेव्हा ‘गेमचं व्यसन’ म्हणून छापली गेली. पण दहा लाख रुपये गेले कुठे? सामन्याच्या आत एक रुपयाही मागितला जात नाही. हेल्मेट, मेडकिट, एअरड्रॉपमधली एडब्ल्यूएम, सगळं जमिनीवर पडलेलं मिळतं. बातम्यांनुसार पैसे गेले ते युसी आणि आयडीसाठी. गोळीबारात काहीच खर्च झालं नव्हतं, जे गेलं ते दुकानात.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचं नियमन करणारा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. वाकोल्याच्या शेजारी, वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यालय असलेल्या ‘ड्रीम११’ला आपल्या पैशांच्या स्पर्धा त्यानंतर लगेच बंद कराव्या लागल्या. पण कायद्याचा रोख डाव लावण्यावर आणि बदल्यात पैसा किंवा लाभ मिळण्याच्या आशेवर आहे. क्रेटमधून निघालेला कोट पैशात मोडून मिळत नाही, म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे ती पेटी या व्याख्येच्या कडेवरून निसटते. इतर देशांनी या कडेकडे आधीच लक्ष दिलं आहे. जपानने २०१२ मध्ये सोडतीतून निघणाऱ्या वस्तूंचा संच पुरा केल्यावरच मोठं बक्षीस देणारी ‘कॉम्प गाचा’ पद्धत बेकायदा ठरवली; यादी पुरी करण्याची ओढ आणि सोडत यांचं मिश्रण हीच तिथली अडचण होती. चीनने २०१७ पासून शक्यतेचे आकडे जाहीर करणं बंधनकारक केलं. बेल्जियमने २०१८ मध्ये काही लोकप्रिय खेळांतल्या अशा पेट्यांना थेट जुगार म्हटलं.

शेवटी उरतो तो आक्षेप पालकांचा: यूपीआयचा पिन मुलाला का द्यावा, कार्ड का जोडून ठेवावं? देऊ नये, हे तर झालंच. पण सगळा भार घरावर टाकणाऱ्यांनी कंपनीचाच एक नियम वाचावा. ‘बीजीएमआय’ सुरू होताना अठराखालच्यांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर झाली होती: दिवसाला सात हजार रुपये. महिन्याला नव्हे. ज्या घरांत महिन्याचा किराणा एवढ्यात बसवावा लागतो, त्यांच्या मुलांसाठी हे संरक्षण म्हणून पुढे केलं गेलं. नव्या कायद्यात नियामक प्राधिकरणाची तरतूद आहे. युसीच्या शेजारी रुपयांत किंमत, अल्पवयीनांच्या खात्यावर क्रेट बंद आणि पासच्या मिशनना मुदत नाही, एवढ्या तीन अटी घालणं त्याला अवघड जाऊ नये. खातं कुणाचं आणि वय किती हे खेळाला माहीत असतं, त्याशिवाय तीन तासांनी खेळ थांबवता आला नसता. पालकाच्या फोनवर येणारा ओटीपी खेळायला परवानगी देण्यासाठी जर चालतो, तर तोच पेटी उघडण्याआधी का मागितला जात नाही, याचं उत्तर मुलांकडून नव्हे, कंपन्यांकडून मागायला हवं.